पाण्यातलं विष आणि तेलाचा पडदा



'पाणी म्हणजे जीवन' हे वाक्य आपण पहिलीपासून इतक्या निबंधांत लिहिलंय की आता ते वाचताना डोळे आपोआप पुढच्या ओळीवर जातात. पण हे जीवन आपल्या होस्टेलच्या टाकीत येतं कुठून आणि येताना सोबत काय घेऊन येतं, हा प्रश्न आपल्यापैकी किती जणांनी विचारलाय?

सिंदी मेघे तसं वर्धा शहराला चिकटलेलं. पण दहा मिनिटं सायकल मारली की दोन्ही बाजूंना वावरं लागतात. पऱ्हाटी, तूर, सोयाबीन. जुलै ते ऑक्टोबर या काळात तिथून जाताना एक उग्र वास येतो आणि पाठीवर पंप घेतलेली माणसं दिसतात. फवारलेलं सगळंच औषध किडीच्या अंगावर पडत नाही. काही पानावर राहतं, काही हवेत जातं, काही मातीत. उरलेलं पावसासोबत नाल्यात, नाल्यातून नदीत आणि जमिनीतून झिरपून विहिरीत पोचू शकतं.

होस्टेलमध्ये हा विषय काढला की ठरलेलं उत्तर मिळतं, "अरे उकळून घे ना पाणी, झालं मंग!" इथेच थांबू या. उकळल्याने जंतू मरतात. कीटकनाशक हे जंतू नाही, ते रसायन आहे. अनेक कीटकनाशकं १०० अंशांवर थोडा वेळ उकळून पूर्ण नष्ट होत नाहीत, आणि पाणी आटलं तर उरलेल्या पाण्यात त्यांचं प्रमाण वाढूही शकतं. मग ती काढायची कशी? यावर अनेक उपाय आहेत. त्यातला एक फारच मजेशीर आहे, कारण तो थेट आपल्या आजीच्या ताकाच्या रवीशी नातं सांगतो. त्याचं नाव इमल्शन लिक्विड मेम्ब्रेन. सदर लेखात हे तंत्र चालतं कसं, कुठे चालतं आणि (हे जास्त महत्त्वाचं) कुठे चालत नाही, ते बघू या.

किती म्हणजे जास्त?

इंजिनीअर माणसाने आधी आकडा विचारावा. भारतीय मानक ब्युरोचं पिण्याच्या पाण्याचं मानक आहे आयएस १०५००, २०१२ ची आवृत्ती. त्यात कीटकनाशकांची नावं घेऊन मर्यादा दिल्या आहेत. एका लिटर पाण्यात मोनोक्रोटोफॉस १ मायक्रोग्रॅम, एन्डोसल्फान ०.४, क्लोरपायरिफॉस ३०, आणि २,४-डी हे तणनाशक ३० मायक्रोग्रॅम. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. बाटलीबंद पाण्याचे नियम याहून कडक आहेत. २००३ साली दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने आधी बाटलीबंद पाण्यात आणि मग कोल्ड्रिंकमध्ये कीटकनाशकं सापडल्याचं जाहीर केलं. देशभर गदारोळ झाला. शरद पवार यांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त संसदीय समिती बसली आणि २००४ च्या फेब्रुवारीत तिचा अहवाल आला. बाटलीबंद पाण्यासाठी एका कीटकनाशकाला ०.१ मायक्रोग्रॅम आणि सगळ्यांना मिळून ०.५ मायक्रोग्रॅम प्रतिलिटर अशी मर्यादा ठरली.

आता एक छोटं गणित करू. मोनोक्रोटोफॉस हे आपल्याकडे कापसावर वर्षानुवर्षे वापरलं गेलेलं औषध. (भाजीपाल्यावर वापरायला २००५ मध्येच बंदी आली.) बाटलीत ते ३६ टक्के असायचं. समजा एका लिटर पाण्यात २ मि.लि. औषध मिसळलं, तर त्या लिटरमध्ये ढोबळमानाने ०.७२ ग्रॅम विष आलं. फवारणी झाली, पंपाच्या तळाशी फक्त १०० मि.लि. द्रावण उरलं आणि कुणीतरी तो पंप विहिरीच्या काठावर धुतला. ते पाणी आत गेलं. किती विष गेलं? ७२ मिलिग्रॅम, म्हणजे ७२,००० मायक्रोग्रॅम.

विहीर ६ मीटर व्यासाची, आत ३ मीटर पाणी. आकारमान काढा, साधारण ८५,००० लिटर. भागाकार केला तर प्रतिलिटर ०.८५ मायक्रोग्रॅम! एका अर्ध्या कपाने ८५ हजार लिटरची विहीर मर्यादेच्या उंबरठ्यावर नेऊन ठेवली. बाटलीबंद पाण्याच्या नियमाने तर ती आठपट पुढे गेली. अर्थात विष सगळीकडे सारखं मिसळलं आणि अजून विघटन झालं नाही असं आपण धरलंय. तरी अंदाज यायला एवढं पुरे.

हे औषध माणसाचं काय करतं, हे आपल्या शेजारच्या जिल्ह्याने पाहिलं आहे. २०१७ च्या फवारणीच्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने दगावले, शेकडो जणांना दवाखान्यात भरती व्हावं लागलं. सरकारला चौकशीसाठी विशेष पथक नेमावं लागलं आणि काही कीटकनाशकांवर तात्पुरती बंदी घालावी लागली. ती बाधा पिण्याच्या पाण्यातून झालेली नव्हती, फवारताना श्वासातून आणि कातडीतून झालेली होती. पण पंपात जे होतं, तेच पंप धुतलेल्या पाण्यातही असतं, एवढं ध्यानात ठेवू या.

दूध, लोणी आणि नॉर्मन ली

आता मूळ विषयाकडे. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. पण साबणाच्या जातीचा एखादा पदार्थ, म्हणजे सर्फॅक्टंट, मध्यस्थ म्हणून टाकला आणि जोरात घुसळलं तर एकाचे बारीक थेंब दुसऱ्यात अडकून राहतात. यालाच इमल्शन म्हणतात. मराठीत त्याला पायस असा छान शब्द आहे. माझं शिक्षण कॉन्व्हेंटातलं, त्यामुळे हा शब्द मला मैत्रिणीच्या मराठी माध्यमाच्या पुस्तकात सापडला!

इमल्शन दोन प्रकारचं. दुधात पाणी जास्त आणि त्यात स्निग्धाचे बारीक थेंब असतात, म्हणजे 'पाण्यात तेल'. लोण्यात उलट, स्निग्ध पदार्थ जास्त आणि त्यात पाण्याचे बारीक थेंब, म्हणजे 'तेलात पाणी'. साय घुसळताना एका क्षणी लोणी वर येतं तेव्हा हीच अदलाबदल होते.

आता ताकावर तरंगणारा लोण्याचा एक कण डोळ्यांसमोर आणा. बाहेर ताक, म्हणजे पाणी. कणात स्निग्ध पदार्थ. आणि त्या स्निग्धाच्या आत परत पाण्याचे सूक्ष्म थेंब. म्हणजे पाणी, मग तेल, मग पाणी. मधला तेलाचा थर हा बाहेरचं पाणी आणि आतलं पाणी यांना वेगळं ठेवणारा पडदा झाला. झालं! हेच इमल्शन लिक्विड मेम्ब्रेन. फक्त लोण्याऐवजी केरोसीनसारखं तेल, आतल्या पाण्यात एखादं रसायन, आणि ताकाच्या जागी आपलं दूषित पाणी.

ही कल्पना मांडली नॉर्मन ली या शास्त्रज्ञाने. तो अमेरिकेतल्या एस्सो (पुढची एक्सॉन) कंपनीच्या संशोधन विभागात होता आणि त्याला १९६८ मध्ये याचं पेटंट मिळालं. गंमत म्हणजे त्याचा हेतू पाणी शुद्ध करण्याचा नव्हताच. त्याला पेट्रोलियममधले हायड्रोकार्बन वेगळे करायचे होते. पाण्यासाठीचा उपयोग नंतर आला.

यात एवढं विशेष काय? क्षेत्रफळ! पदार्थ पडदा ओलांडतो तो पृष्ठभागातून, म्हणून पृष्ठभाग जितका जास्त तितकं काम लवकर. आतल्या पाण्याचे थेंब साधारण २ मायक्रॉन व्यासाचे धरले, तर एका लिटर आतल्या पाण्याचा एकूण पृष्ठभाग ३,००० चौरस मीटर होतो. (गोलाचं क्षेत्रफळ भागिले घनफळ म्हणजे ६ भागिले व्यास, स्वतः करून बघा.) पुरुषांचं कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटर, म्हणजे १३० चौरस मीटर. एका लिटरमध्ये अशी तेवीस मैदानं घडी घालून ठेवली आहेत! आणि बाहेर फिरणारा १ मिलिमीटरचा एक तेलकट गोळा घेतला, त्याचा निम्मा भाग आतलं पाणी धरला, तर त्या एका गोळ्यात असे सहा कोटींहून जास्त थेंब मावतात. म्हणूनच हे काम तासांऐवजी काही मिनिटांत होतं.

आत गेलेला बाहेर का येत नाही?

पडदा काही दरवाजा नाही. आत जाणारा रेणू त्याच वाटेने परतही येऊ शकतो. मग विष आतच राहतं कसं? इथे रसायनशास्त्राची खरी चलाखी आहे.

उदाहरण म्हणून २,४-डी घेऊ. गहू, ज्वारी, ऊस यांतलं रुंद पानांचं तण मारायला हे वापरतात. आपल्या पऱ्हाटीला मात्र त्याचा नुसता वारा लागला तरी पानं आकसून वेडीवाकडी होतात. २,४-डी हे एक सौम्य आम्ल आहे. पाणी पुरेसं आम्लधर्मी असेल तर त्याचा रेणू अखंड राहतो, त्याच्यावर विद्युतभार नसतो. असा रेणू तेलात सहज विरघळतो. पाणी अल्कधर्मी झालं की त्यातला हायड्रोजन निघून जातो, रेणूवर ऋणभार येतो, आणि भार असलेल्या आयनला तेल आत घेत नाही.

आता आतल्या थेंबांत कॉस्टिक सोड्याचं द्रावण भरा आणि बाहेरचं पाणी आम्लधर्मी ठेवा. २,४-डीचा रेणू बाहेरून तेलात शिरतो, तेल ओलांडतो, आतल्या थेंबाला भिडतो. तिथे सोडा त्याचं क्षारात रूपांतर करतो. आता त्याच्यावर भार आहे, तेल त्याला परत आत घेत नाही. मामा अडकला! उंदराच्या पिंजऱ्यासारखं आत जायला वाट, बाहेर यायला नाही. आतमध्ये मोकळं २,४-डी कायम शून्याच्या जवळ राहतं, म्हणून बाहेरून आत ओढ चालूच राहते. बाहेरचं प्रमाण कमी आणि आतलं कितीतरी जास्त झालं तरी रेणू आत जातच राहतात. साध्या गाळणीला हे जमत नाही.

काम झालं की ढवळणं थांबवायचं. तेलाचे गोळे हलके, ते वर तरंगतात. खालचं पाणी काढून घ्यायचं. वरचं इमल्शन फोडायचं, म्हणजे तेल वेगळं होऊन परत वापरता येतं आणि आतलं गाढ द्रावण हाती लागतं. फोडण्यासाठी उष्णता देतात किंवा उच्च दाबाचं विद्युतक्षेत्र लावतात, त्यामुळे बारीक थेंब एकमेकांना जुळून मोठे होतात. म्हणजे इलेक्ट्रिकलवाल्यांनाही इथे काम आहे.

बाटलीवरची दोन अक्षरं

आतापर्यंत वाचून कुणी म्हणेल, मग काय, प्रश्न सुटला! थांबा. प्रत्येक कीटकनाशक हे २,४-डीसारखं वागत नाही. कोण कसं वागेल याची एक ढोबळ खूण कृषी केंद्रातल्या बाटलीवरच छापलेली असते.

क्लोरपायरिफॉसच्या बाटलीवर बघा, '२० ईसी' असं काहीतरी लिहिलेलं असतं. ईसी म्हणजे पाण्यात टाकल्यावर इमल्शन होणारं तेलकट द्रावण. बादलीत ओतलं की पाणी दुधासारखं पांढरं होतं. म्हणजे मूळ औषध तेलाचं सोबती आहे, पाण्यात मुश्किलीने विरघळतं. मोनोक्रोटोफॉसच्या बाटलीवर '३६ एसएल' असायचं. एसएल म्हणजे पाण्यात विरघळणारं द्रव औषध. ते टाकलं तरी पाणी पांढरं होत नाही.

आता पडद्याच्या बाजूने विचार करा. क्लोरपायरिफॉस तेलात आनंदाने शिरेल, पण ते आम्ल नाही. आतल्या सोड्याशी त्याची प्रक्रिया झाली तरी सावकाश होते, पिंजऱ्याचं दार झटकन बंद होत नाही. म्हणून ते बहुतेक तेलातच बसून राहील. पाणी स्वच्छ होईल, पण तेल भरत जाईल आणि लवकर बदलावं लागेल. शिवाय ईसीच्या बाटलीत स्वतःचे साबणासारखे पदार्थ असतात, ते आपल्या पडद्याच्या सर्फॅक्टंटच्या कामात लुडबुड करू शकतात. मोनोक्रोटोफॉसचं उलट. त्याला पाणीच प्रिय. तेलाकडे ते ढुंकूनही बघत नाही, मग पडदा ओलांडणार कसं? म्हणजे वरच्या गणितात आपण ज्या विषाने विहीर बिघडवली, नेमकं तेच या तंत्राच्या हाताला लागायला अवघड!

काही रेणूंसाठी तेलात एक वाहक पदार्थ मिसळतात. तो बाहेरच्या काठावर रेणूला पकडतो, आतल्या काठावर सोडतो आणि रिकामा होऊन परत येतो, आपल्या गावच्या काळीपिवळीसारखा. जस्तासारख्या धातूंसाठी हा प्रकार फार चांगला चालतो. ऑस्ट्रियात लेन्झिंग इथल्या व्हिस्कोस धाग्याच्या कारखान्यात सांडपाण्यातलं जस्त परत मिळवण्यासाठी १९८० च्या दशकात असा मोठा प्लांट उभा राहिला होता. पण वाहकालाही धरायला रेणूवर काहीतरी मूठ लागते. भार नाही, आम्ल नाही, तेलाचं प्रेम नाही, अशा रेणूपुढे वाहकही हात टेकतो.

तात्पर्य, 'कीटकनाशक' हे एक नाव असलं तरी ती एक जात नाही. रेणू बघून उपाय ठरवावा लागतो.

९५ टक्क्यांची गंमत

प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये आपण सगळे मोठ्या अभिमानाने '९५ टक्के कार्यक्षमता' असं ठळक अक्षरात लिहितो. आता त्या ९५ टक्क्यांचा हिशेब मांडू.

समजा कारखान्याच्या १० लिटर सांडपाण्यात प्रतिलिटर १०० मिलिग्रॅम २,४-डी आहे. त्यात आपण १ लिटर इमल्शन टाकलं, अर्धा लिटर तेल आणि अर्धा लिटर आतलं सोड्याचं पाणी. ९५ टक्के विष आत गेलं. म्हणजे ९५० मिलिग्रॅम अर्ध्या लिटरमध्ये गोळा झालं, प्रतिलिटर १,९०० मिलिग्रॅम. मूळच्या एकोणीसपट गाढ! हे खरंच मोठं यश आहे. १० लिटरची डोकेदुखी अर्ध्या लिटरवर आली. २,४-डी बनवणारा कारखाना असेल तर ते परत वापरण्याचाही विचार करता येतो, नाहीतर एवढंसं द्रावण भट्टीत जाळणं सोपं.

पण बाहेर काय उरलं? प्रतिलिटर ५ मिलिग्रॅम, म्हणजे ५,००० मायक्रोग्रॅम. पिण्याच्या पाण्याची मर्यादा ३०. अजून ती १६० पटीहून दूर आहे. दुसऱ्यांदा तेवढंच काम केलं तर २५० मायक्रोग्रॅम. तिसऱ्यांदा केलं तर १२.५, तेव्हा कुठे मर्यादेत. आणि दर वेळी पूर्ण ९५ टक्के मिळतीलच असं नाही.

अडचणी आणखी आहेत. २,४-डीचा पीकेए साधारण २.७ आहे. पीएच ७ च्या साध्या पाण्यात त्याच्या वीस हजार रेणूंपैकी जेमतेम एक अखंड असतो, बाकी सगळे आयन. त्यामुळे बाहेरचं पाणी आधी आम्ल टाकून पीएच २ च्या आसपास आणावं लागतं आणि नंतर परत उदासीन करावं लागतं. विहिरीचं पाणी कुणी असं करणार आहे का? दुसरं, जास्त वेळ ढवळलं तर काही गोळे फुटतात आणि पकडलेलं विष सोड्यासकट परत बाहेर येतं. तिसरं, आतलं द्रावण गाढ असल्यामुळे ऑस्मोसिसने बाहेरचं पाणी आत शिरतं, थेंब फुगतात आणि आतलं द्रावण पातळ होतं. चौथं, तेलाचा आणि सर्फॅक्टंटचा अंश पाण्यात राहतो. केरोसीनचा वास येणारं 'शुद्ध' पाणी मेसवाल्या काकूंनी ग्लासात ओतलं तर काय होईल, कल्पना करा!

मग उपयोग कुठे?

हे तंत्र वाईट आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही. त्याची जागा वेगळी आहे, एवढंच. जिथे विष गाढ आहे, एकाच जातीचं आहे आणि एकाच नळातून बाहेर पडतं, तिथे हा पडदा शोभतो. म्हणजे कारखान्याच्या सांडपाण्यावर. एकदा तेच विष नाल्यात, नदीत, जमिनीत पसरलं की ते इतकं विरळ होतं आणि इतर दहा गोष्टींत इतकं मिसळतं की हा पडदा परवडत नाही.

विरळ विषासाठी दुसरे उपाय आहेत. सक्रिय कोळसा, म्हणजे ॲक्टिव्हेटेड कार्बन, आपल्या असंख्य छिद्रांत बरीच कीटकनाशकं धरून ठेवतो. आरओचा पडदा बऱ्याच रेणूंना अडवतो. आयआयटी मद्रासमध्ये प्रा. टी. प्रदीप यांच्या गटाने नॅनोकणांवर आधारित तंत्र विकसित केलं आणि ते २००७ मध्ये घरगुती फिल्टरमधून बाजारात आलं. पण कोळशाची छिद्रं भरतात. वेळेवर न बदललेली कार्ट्रिज म्हणजे नुसती शोभेची वस्तू. नुसता यूव्ही दिवा आणि क्लोरीन हे जंतूंसाठी आहेत, त्यांच्या भरवशावर कीटकनाशकाबाबत निर्धास्त राहू नये. आणि तो विक्रेता टीडीएस मीटर बुडवून दाखवतो ना? तो मीटर लिटरमागे शेकडो मिलिग्रॅम क्षार मोजतो. एक मायक्रोग्रॅम कीटकनाशक असलं काय, नसलं काय, त्याचा काटा हलत नाही. त्यासाठी गॅस क्रोमॅटोग्राफसारखं उपकरण आणि चांगली प्रयोगशाळा लागते.

लॅबमध्ये करून पाहण्यासारखं

ज्यांना मिनी प्रोजेक्ट हवा आहे त्यांच्यासाठी. खरं कीटकनाशक हाताळायची काही गरज नाही. त्याच्याऐवजी बेंझोइक ॲसिड घ्या, तेही २,४-डीसारखंच सौम्य आम्ल आहे.

१) अर्धा ग्रॅम बेंझोइक ॲसिड ५०० मि.लि. कोमट पाण्यात विरघळवून थंड करा. हे झालं 'दूषित पाणी'.

२) ५० मि.लि. केरोसीनमध्ये २ मि.लि. स्पॅन-८० हा सर्फॅक्टंट मिसळा. जोरात ढवळत त्यात ५० मि.लि. ०.२ नॉर्मल कॉस्टिक सोडा थेंब थेंब सोडा. दहा मिनिटांत पांढरं, घट्टसर इमल्शन तयार होईल.

३) हे इमल्शन दूषित पाण्यात ओतून हळूहळू ढवळा. इथे जोर लावायचा नाही, गोळे फुटतात.

४) दर दोन-तीन मिनिटांनी तळातून पिपेटने १० मि.लि. पाणी घ्या आणि फिनॉल्फ्थॅलीन टाकून ०.०१ नॉर्मल सोड्याने टायट्रेशन करा. सुरुवातीला साधारण ८.२ मि.लि. सोडा लागायला हवा. मग आकडा उतरत जाईल. त्याचा आलेख काढा.

एक मेख आहे, व्हायवामध्ये सर नक्की विचारतील. गोळे फुटून आतला सोडा बाहेर आला तरी आम्ल उदासीन होतं आणि आकडा उतरतोच! मग पडद्याने काम केलं की सोड्याने चोरून? म्हणून आधी साध्या पाण्यात फिनॉल्फ्थॅलीन टाकून तेच इमल्शन ढवळून बघा. पाणी गुलाबी झालं तर पडदा गळका आहे. हा कोरा प्रयोग केल्याशिवाय ९५ टक्के लिहू नका. आणि हो, केरोसीन आहे, तेव्हा बर्नर लांब, खिडक्या उघड्या, लॅबचा स्टररच वापरा, सोबत लॅब असिस्टंट पाहिजेच. रूमवरच्या मिक्सरमध्ये हे उद्योग करू नयेत.

पुढे मोठं काही करायचं असेल तर आपण नशीबवान आहोत. पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संस्था नीरी १९५८ पासून नागपुरात आहे. केंद्रीय कापूस संशोधन संस्थाही १९७६ पासून तिथेच आहे. वर्ध्याहून सकाळच्या गाडीने निघून संध्याकाळी मेसच्या जेवणाला परत येता येतं.

शेवटी

हा विषय वाचायला घेतला की वाटतं, एक जबरदस्त मशीन बनवावं आणि सगळ्या विहिरी स्वच्छ कराव्यात. पण वरचे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. पंपात एका लिटरला ७२० मिलिग्रॅम. विहिरीत एका लिटरला ०.८५ मायक्रोग्रॅम. जवळजवळ साडेआठ लाखपट फरक! पंपाजवळ हा प्रश्न अर्ध्या कपाएवढा असतो, विहिरीत गेला की ८५ हजार लिटरचा होतो. जगातलं कोणतंही तंत्र अर्ध्या कपावर स्वस्त आणि विहिरीवर महाग असणार, मग तो तेलाचा पडदा असो की कोळसा.

आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घरी वावर आहे. दिवाळीला घरी जाल तेव्हा बाबांना, काकांना, सालदार दादांना एवढं नक्की सांगा. पंप विहिरीवर, नाल्यावर धुवायचा नाही. औषधाची बाटली रिकामी झाली की तीनदा विसळून ते पाणी पंपातच टाकायचं आणि त्याच वावरात फवारून संपवायचं. रिकाम्या डब्यात पाणी, तेल भरायचं नाही. फवारताना हातमोजे आणि तोंडाला मास्क, वाऱ्याच्या उलट दिशेने चालायचं नाही. ऐकणारे म्हणतील, "आला मोठा इंजिनेर!" म्हणू द्या. मग त्यांना तो विहिरीचा भागाकार करून दाखवा. घरातल्या मोठ्यांना हिशेब पटतो.

आणि होस्टेलमध्ये? वॉटर कूलरच्या फिल्टरमधली कार्बनची कार्ट्रिज शेवटची कधी बदलली, याची तारीख त्याच्यावर चिकटवलेली असावी, एवढी मागणी आपण रेक्टर सरांकडे नक्की करू शकतो. एक छोटा कागद आणि थोडा डिंक. खर्च काहीच नाही.